टिक काढली तरी ‘मिसिंग’ परत येतंय? आउटलुक-वर्ड चालवणाऱ्या मॅक्रोचं दुखणं आणि लेट बाइंडिंग

तक्रार साधारण अशी असते. एक्सेलची एक मॅक्रोवाली फाइल आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदांची यादी, मेंटेनन्स, थकबाकी, व्याज, सगळं तिच्यात. बटण दाबलं की वर्डमध्ये बिल तयार होतं, त्याची पीडीएफ होते आणि आउटलुकमधून ज्याची त्याला जाते. सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर हे बिनबोभाट चालतं. खजिनदारांनी तीच फाइल त्यांच्या लॅपटॉपवर उघडून बटण दाबलं की ‘कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’. मग कुणी जाणकार येतो, कोडच्या खिडकीत टूल्स मेनूतून रेफरन्सेस उघडतो, एक टिक काढतो, दुसरी लावतो, आणि मॅक्रो चालायला लागतो. पुढच्या महिन्याच्या बिलांच्या वेळी पुन्हा तेच.

ही दुरुस्ती चुकीची नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी होते. दुखणं लॅपटॉपमध्ये नसून फाइलमध्ये आहे. फाइल जोवर एका ठरावीक आवृत्तीचं आउटलुक मागते आहे, तोवर ती ज्याच्याकडे ते नाही त्याच्याकडे अडणारच.

(खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. एडिटरमध्ये तो अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचा.)

आधी निदान पक्कं करा

या चुकीचा सगळ्यात फसवा भाग म्हणजे ती बोट भलतीकडेच दाखवते. एडिटर ज्या शब्दावर निळी पट्टी आणून थांबतो तो बहुतेक वेळा ‘लेफ्ट’, ‘ट्रिम’, ‘फॉरमॅट’ किंवा ‘डेट’ असा अगदी साधा, व्हीबीएचा (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचा) स्वतःचा फंक्शन असतो. लोक तासन्‌तास त्या ओळीकडे बघत बसतात. ती ओळ शुद्ध असते.

होतं असं, की कोडमध्ये मागेपुढे काही न लावता एखादं नाव आलं की व्हीबीए ते रेफरन्सच्या यादीतल्या लायब्रऱ्यांमधून, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमने पुरवलेल्या नावांच्या संचांमधून, शोधतो. यादीतली एक जरी लायब्ररी सापडत नसली तरी हा शोध मोडतो आणि जे नाव त्या वेळी हातात असेल त्याच्यावर खापर फुटतं. ‘लेफ्ट’च्या जागी ‘व्हीबीए.लेफ्ट’ लिहिलं की ती ओळ सुटते, कारण आता कुठे शोधायचं ते सांगितलेलं असतं. पण मग पुढच्या ‘फॉरमॅट’वर गाडी अडते. हा इलाज इंटरनेटवर बराच सुचवला जातो. करू नका. तापावर नुसती पट्टी ठेवण्यापलीकडे त्यातून काही मिळत नाही.

खरं निदान एका मिनिटाचं आहे. ऑल्ट आणि एफ११ दाबून एडिटर उघडा, टूल्स, मग रेफरन्सेस. हा पर्याय फिका दिसत असेल तर मॅक्रो मध्येच थांबलेल्या अवस्थेत आहे. रनमधलं रीसेट दाबा, मग तो उघडेल. यादीत टिक केलेल्या नावांपैकी एखाद्याच्या आधी ‘मिसिंग:’ लिहिलेलं असेल, उदाहरणार्थ ‘मिसिंग: मायक्रोसॉफ्ट आउटलुक १६.० ऑब्जेक्ट लायब्ररी’, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘मिसिंग’ कुठेच नसेल आणि चूक ‘युजर-डिफाइन्ड टाइप नॉट डिफाइन्ड’ अशी असेल, तर बहुधा कोड एका फाइलमधून दुसरीत चिकटवला आणि रेफरन्स लावायचा राहिला. इलाज दोन्हींचा एकच, लेट बाइंडिंग.

फाइलमधल्या कोडला पासवर्ड असेल तर रेफरन्सेस दिसणारच नाहीत. तिथे फक्त ‘कंपाइल एरर इन हिडन मॉड्यूल’ आणि मॉड्यूलचं नाव एवढंच येतं. ज्याने मॅक्रो लिहून दिला त्याच्याकडून पासवर्ड मिळवण्याला तिथे पर्याय नाही.

परत परत का येतं

ऑफिसच्या प्रत्येक आवृत्तीला आत एक क्रमांक असतो. २००७ चा १२, २०१० चा १४ (१३ वगळला गेला), २०१३ चा १५. २०१६ पासून मात्र २०१९, २०२१ आणि ३६५ या सगळ्यांचा १६ च. रेफरन्स लावताना फाइलमध्ये लायब्ररीची ओळख आणि आवृत्ती, दोन्ही नोंदवली जातात.

आता बघा. फाइल २०१३ वर तयार झाली, तिच्यात आउटलुक १५ ची नोंद आहे. ती ३६५ असलेल्या कॉम्प्युटरवर उघडली तर ऑफिस नोंद गुपचूप वर सरकवून १६ करतं, काही विचारत नाही. मॅक्रो चालतो, माणूस फाइल सेव्ह करतो. आता फाइलमध्ये १६ आहे. ती परत २०१३ वर आली की नोंद आपोआप खाली येत नाही. मिसिंग. एक्सेलमध्ये चालणाऱ्या मॅक्रोच्या बाबतीत एक्सेलची स्वतःची लायब्ररी दोन्ही दिशांनी जुळवून घेते. वर्ड, आउटलुक, पॉवरपॉइंट, ॲक्सेस या पाहुण्या लायब्रऱ्या फक्त वरच चढतात.

म्हणून दर महिन्याला हा खेळ होतो: जुन्या ऑफिसवाल्याने टिक बदलायची, नव्या ऑफिसवाल्याने उघडून सेव्ह करायचं, जुन्याकडे पुन्हा मोडायचं. सामाईक फोल्डरमधल्या किंवा मेलवरून फिरणाऱ्या फाइलमध्ये हे हमखास.

आता २०१० आणि २०१३ कमी दिसतात, त्यामुळे दुसरं कारण जास्त आढळतं: कॉम्प्युटरवर आउटलुकच नसतं. नव्या लॅपटॉपबरोबर जे ‘होम अँड स्टुडंट’ (२०२४ च्या आवृत्तीपासून नुसतं ‘होम’) ऑफिस येतं त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट असतं. आउटलुक आणि ॲक्सेस नसतं. खजिनदारांना फक्त थकबाकीची यादी बघायची आहे, मेल पाठवायचीच नाही, तरी त्यांचं यादीचं बटणही बंद पडतं. कारण मोडलेला रेफरन्स संपूर्ण प्रोजेक्टला बाधतो, मेलच्या भागापुरता राहत नाही. आणि ही चूक कंपाइल होतानाची, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासून तयार केला जातो तेव्हाची, असल्यामुळे ‘ऑन एरर’ लिहून ती पकडताही येत नाही. कोड चालू व्हायच्या आधीच सगळं थांबलेलं असतं.

बाइंडिंग कशाने ठरतं

मॅक्रोने बाहेरच्या प्रोग्रॅमशी जोडून घेणं म्हणजे बाइंडिंग. रेफरन्स लावून ते आधीच केलं तर अर्ली, रेफरन्सशिवाय चालताना केलं तर लेट. अर्ली बाइंडिंग असं दिसतं:

डिम मेलॲप ॲज आउटलुक.ॲप्लिकेशन
सेट मेलॲप = न्यू आउटलुक.ॲप्लिकेशन

आणि लेट बाइंडिंग असं:

डिम मेलॲप ॲज ऑब्जेक्ट
सेट मेलॲप = क्रिएटऑब्जेक्ट("आउटलुक.ॲप्लिकेशन")

पहिल्यात कंपाइल होतानाच व्हीबीए लायब्ररी उघडून बघतो की ‘क्रिएटआयटम’ नावाची पद्धत आहे का, कितव्या जागेवर आहे, तिला काय काय द्यावं लागतं. चालताना थेट त्या जागेवर उडी. दुसऱ्यात कंपाइल होताना काहीच माहीत नसतं. चालताना आउटलुकला आधी विचारलं जातं की या नावाचा तुझ्याकडचा क्रमांक काय, आणि मग त्या क्रमांकाने काम सांगितलं जातं. घर नंबर आधीच वहीत लिहून नेणं आणि गावात पोचल्यावर नाव सांगून विचारणं, एवढाच हा फरक. विचारत जाणाऱ्याला थोडा वेळ जास्त लागतो, पण गावाने घरांचे नंबर बदलले तरी तो चुकत नाही.

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की वेगळं सांगायला हवं. बाइंडिंग ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने ठरत नाही, ‘डिम’च्या ओळीने ठरतं. ‘डिम मेलॲप ॲज आउटलुक.ॲप्लिकेशन’ तसंच ठेवून खाली फक्त ‘न्यू’च्या जागी ‘क्रिएटऑब्जेक्ट’ लिहिलं तर बाइंडिंग अर्लीच राहतं आणि रेफरन्सही लागतोच. “लेट बाइंडिंग केलं तरी एरर येतेय” म्हणणाऱ्यांचा कोड बघितला तर पुष्कळदा हेच निघतं: एखाद्या फंक्शनच्या कंसात किंवा लूपच्या वर ‘ॲज आउटलुक.मेलआयटम’ किंवा ‘ॲज वर्ड.डॉक्युमेंट’ राहिलेलं असतं.

बदल करताना खरी मेख: कॉन्स्टंट

‘डिम’ बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. नुकसान होतं ते नंतर, आणि आवाज न करता होतं.

वर्डची लायब्ररी गेली की तिच्यातली नावंही जातात. ‘डब्ल्यूडीफॉरमॅटपीडीएफ’, ‘डब्ल्यूडीरिप्लेसऑल’, ‘ओएलइम्पॉर्टन्सहाय’ हे कॉन्स्टंट म्हणजे लायब्ररीने ठेवलेली आकड्यांची टोपणनावं आहेत. रेफरन्स काढल्यावर व्हीबीएला ते शब्द अनोळखी होतात. मॉड्यूलच्या डोक्यावर ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ असेल तर तो लगेच ‘व्हेरिएबल नॉट डिफाइन्ड’ म्हणून थांबतो, आणि हे आपलं भाग्य. ते नसेल तर व्हीबीए त्या शब्दाचा एक नवा रिकामा व्हेरिएबल बनवतो आणि पुढे जातो. रिकाम्याची किंमत शून्य धरली जाते. मग गमती सुरू होतात.

‘डब्ल्यूडीफॉरमॅटपीडीएफ’ची खरी किंमत १७. शून्य म्हणजे जुन्या पद्धतीचं वर्ड डॉक्युमेंट. त्यामुळे मॅक्रो बिलाची फाइल ‘.पीडीएफ’ नावाने सेव्ह करतो, पण आत असतं वर्डचं डॉक्युमेंट. फोल्डरमध्ये सगळं ठीक दिसतं, मेलही जातात. सभासदांचे फोन येऊ लागतात की पीडीएफ उघडत नाही, खराब आहे म्हणते. मॅक्रोने एकही चूक दाखवलेली नसते.

‘डब्ल्यूडीरिप्लेसऑल’ची किंमत २. शून्य म्हणजे काहीच बदलू नको. वर्डच्या नमुन्यात ‘सभासदाचे नाव’ या जागी खरं नाव घालायचं होतं. ते घातलंच जात नाही. सगळ्यांना कोरी बिलं.

‘ओएलइम्पॉर्टन्सहाय’ची किंमतही २, आणि शून्य म्हणजे ‘कमी महत्त्वाचं’. थकबाकीची शेवटची सूचना ‘महत्त्वाची नाही’ अशी खूण घेऊन पोचते.

‘ओएलमेलआयटम’ मात्र शून्यच आहे, त्यामुळे तो योगायोगाने बरोबर चालतो आणि आपल्याला वाटतं, बदल नीट झाला. बहुतेक लोक पहिली चाचणी एक मेल पाठवूनच घेतात. ती याच कॉन्स्टंटमुळे पास होते. आउटलुक लेट बाइंडिंगला आणलं आणि “चाललं की!” म्हणून वर्डकडे वळले, तिथे घसरले, असं यातूनच होतं.

ॲक्सेस किंवा वर्डमधून एक्सेल चालवत असाल तर ‘एक्सएलअप’ची किंमत उणे ४१६२ आहे. तिथे शून्य गेला तर निदान १००४ ची चूक तरी येते. ओरडणारी चूक परवडली.

म्हणून बदलाचा क्रम असा ठेवा. फाइलची प्रत घ्या. रेफरन्स अजून लावलेलाच असताना प्रत्येक मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ आहे का ते पाहा, नसेल तिथे लिहा. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन’ला टिक केली तर ती फक्त पुढे तयार होणाऱ्या मॉड्यूलना लागू होते, जुन्यांत हातानेच लिहावं लागतं. मग कंट्रोल आणि जी दाबून इमिजिएट खिडकी उघडा आणि कोडमध्ये वापरलेल्या प्रत्येक कॉन्स्टंटच्या आधी प्रश्नचिन्ह टाकून एंटर मारा. आकडा खाली छापला जातो. एफ२ ने उघडणाऱ्या ऑब्जेक्ट ब्राउझरमध्येही तो दिसतो.

आता एक वेगळं मॉड्यूल काढून त्यात या नावांची स्वतःची घोषणा करा:

पब्लिक कॉन्स्ट डब्ल्यूडीफॉरमॅटपीडीएफ ॲज लाँग = १७
पब्लिक कॉन्स्ट डब्ल्यूडीरिप्लेसऑल ॲज लाँग = २
पब्लिक कॉन्स्ट ओएलइम्पॉर्टन्सहाय ॲज लाँग = २

नाव लायब्ररीतलंच ठेवलं तरी चालतं. रेफरन्स असला तर आपल्या प्रोजेक्टमधलं नाव आधी धरलं जातं, नसला तर तेच उपयोगी पडतं. कोडमध्ये जागोजागी नुसता १७ लिहायचा सल्लाही मिळेल. चालतो, पण दोन वर्षांनी फाइल दुसऱ्याच्या हातात गेल्यावर तो १७ कुठला हे त्याला कोण सांगणार?

यानंतर रेफरन्सची टिक काढा आणि डीबगमधून कंपाइल करा. तो जिथे थांबेल ती जागा दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल. एका वेळी एकच चूक दाखवतो, त्यामुळे हे बरेचदा करावं लागतं. कंपाइलचा पर्याय फिका होईपर्यंत हे करत राहा. नुसतं बटण दाबून चाचणी घेतली तर व्हीबीए गरजेपुरतीच मॉड्यूल कंपाइल करतो आणि न वापरलेल्या कोपऱ्यातली चूक लपून राहते.

आणखी काही जागा जिथे पाय अडकतो

इनबॉक्समधल्या मेल एकेक करून वाचणारा कोड असेल तर त्यात ‘इफ टाइपऑफ आयटम इज आउटलुक.मेलआयटम’ अशी ओळ असते. लायब्ररीशिवाय ती कंपाइल होत नाही. तिच्या जागी ‘इफ टाइपनेम(आयटम) = "मेलआयटम"’ लिहा किंवा ‘आयटम.क्लास = ४३’ तपासा. हा तपास गाळून टाकू नका. इनबॉक्समध्ये नुसत्या मेल नसतात, मीटिंगची आमंत्रणं आणि मेल न पोचल्याचे अहवालही असतात. लूपचा व्हेरिएबल ‘ॲज आउटलुक.मेलआयटम’ असताना असा अहवाल समोर आला की १३ क्रमांकाची ‘टाइप मिसमॅच’ येते. ‘ॲज ऑब्जेक्ट’ केल्यावर ती जाते, पण तपास नसेल तर पुढच्या एखाद्या ओळीवर ४३८ उभी राहते, कारण अहवालाकडे मेलचे सगळे गुणधर्म नसतात.

‘विथइव्हेंट्स’ लेट बाइंडिंगमध्ये चालतच नाही. नवी मेल येताच काहीतरी व्हायला हवं, असा कोड असेल तर त्याला अर्ली बाइंडिंग लागतं. असा कोड आउटलुकच्या स्वतःच्या व्हीबीएमध्ये ठेवावा. तिथे आउटलुकची लायब्ररी घरचीच असते.

वर्डच्या बाबतीत एक जुनं दुखणं लेट बाइंडिंगमुळे उघडं पडतं. मॅक्रो पहिल्यांदा चालतो, दुसऱ्यांदा ४६२, ‘द रिमोट सर्व्हर मशीन डझ नॉट एक्झिस्ट ऑर इज अनअव्हेलेबल’. एक्सेल बंद करून उघडलं की पुन्हा एकदा चालतो. याचं कारण असं, की कोडमध्ये कुठेतरी ‘वर्डॲप.ॲक्टिव्हडॉक्युमेंट’ऐवजी नुसतंच ‘ॲक्टिव्हडॉक्युमेंट’ लिहिलेलं असतं. अर्ली बाइंडिंगमध्ये व्हीबीए त्यासाठी वर्डचा एक अदृश्य धागा स्वतःच धरून ठेवतो. आपण वर्ड बंद करतो, धागा तसाच राहतो आणि पुढच्या वेळी मेलेल्या वर्डला ओढायला जातो. रेफरन्स काढला की हा नुसता शब्द कंपाइललाच पकडला जातो. ‘सिलेक्शन’ मात्र पकडला जाणार नाही, कारण एक्सेलकडे त्याच नावाचं स्वतःचं काहीतरी आहे आणि ते वर्डऐवजी एक्सेलच्या निवडलेल्या सेलवर जाऊन काम करू बघतं. ‘रेंज’चंही तसंच. वर्डचं प्रत्येक नाव वर्डच्या व्हेरिएबलला जोडून लिहायची सवय ठेवा.

लेट बाइंडिंगनंतर ४२९ आली तर

‘ॲक्टिव्हएक्स कंपोनंट कॅन्ट क्रिएट ऑब्जेक्ट’. ही चूक आता चालताना येते, म्हणजे ती पकडता येते:

ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट
सेट मेलॲप = क्रिएटऑब्जेक्ट("आउटलुक.ॲप्लिकेशन")
ऑन एरर गोटू ०
इफ मेलॲप इज नथिंग देन

आणि पुढे शांतपणे “या कॉम्प्युटरवर आउटलुक नाही, बिलांच्या पीडीएफ फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत” असं सांगून बाहेर पडा. ‘ऑन एरर गोटू ०’ विसरला तर पुढच्या सगळ्या चुका गिळल्या जातील, तो वेगळाच ताप.

४२९ ची तीन कारणं वारंवार भेटतात. एक, आउटलुक खरोखरच नाही. दोन, विंडोजमधलं ‘नवीन आउटलुक’. दिसायला ते आउटलुकच, पण मॅक्रोने बाहेरून चालवता येईल असं त्यात काही ठेवलेलंच नाही. ते फक्त क्लासिक आउटलुकमध्ये आहे. कॉम्प्युटरवर नुसतं नवीनच असेल तर अर्ली काय आणि लेट काय, मेल जाणार नाही. दोन्ही असतील तर मॅक्रो पडद्यामागे क्लासिक उठवतो आणि तिथे खातं जोडलेलं नसेल किंवा ते लगेच बंद झालं, तर मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतात. “एरर नाही, पण मेल गेल्या नाहीत” अशी तक्रार आली की पहिली नजर तिथे टाका. तिसरं कारण हक्कांचं: एक्सेल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेलं आणि आउटलुक साध्या हक्कांनी, किंवा उलट. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. दोन्ही साध्याच हक्कांनी उघडा.

‘गेटऑब्जेक्ट’ वापरत असाल तर ते फक्त आधीच उघडलेलं ॲप्लिकेशन पकडतं. काहीच उघडलेलं नसेल तर ४२९ देतं, आणि ते अपेक्षितच आहे. आउटलुकची एका वेळी एकच प्रत चालते, त्यामुळे तिथे ‘क्रिएटऑब्जेक्ट’ही चालू असलेलंच आउटलुक हातात देतं. वर्ड आणि एक्सेल मात्र प्रत्येक वेळी नवी प्रत उठवतात, म्हणून शेवटी ‘क्विट’ न लिहिणाऱ्याच्या टास्क मॅनेजरमध्ये वर्डची रांग लागते. आउटलुकला मात्र ‘क्विट’ सांगताना जपून, समोरचा माणूस त्यातच मेल वाचत बसलेला असू शकतो.

नावात आवृत्ती लिहू नका. ‘आउटलुक.ॲप्लिकेशन.१६’ असं लिहिलं की लेट बाइंडिंग करून जे मिळवलं ते घालवलं.

‘लायब्ररी नॉट रजिस्टर्ड’ आणि उणे २१४७३१९७७९ हा आकडा आला तर गोष्ट वेगळी आहे. नवं ऑफिस घालून पाहिलं, नको वाटलं, काढून जुनं परत घातलं, अशा कॉम्प्युटरवर विंडोजच्या रजिस्ट्रीत नव्या लायब्ररीची नोंद मागे राहते आणि सगळे तिलाच विचारत बसतात. ऑफिस रिपेअर चालवा. त्याने गेलं नाही तर ती उरलेली नोंद काढावी लागते, आणि रजिस्ट्रीचा बॅकअप घेतल्याशिवाय तिथे हात घालू नये.

सगळंच लेट करायचं का?

नाही. वेगाची भीती मात्र बाजूला ठेवा. एक्सेलमधून वर्ड किंवा आउटलुक चालवताना वेळ जातो तो दोन वेगळ्या प्रोग्रॅममधल्या निरोपांच्या ये-जा करण्यात. नाव विचारण्याचा वेळ त्यात जाणवतही नाही. ‘स्क्रिप्टिंग.डिक्शनरी’सारखी वस्तू एक्सेलच्या पोटातच चालते, तिथे लाखो फेऱ्यांच्या लूपमध्ये फरक कळू शकतो. पण ती लायब्ररी विंडोजबरोबरच येते आणि ऑफिसच्या आवृत्तीशी तिचा संबंध नाही. तिचा रेफरन्स लावून ठेवला तरी विंडोजवर सहसा मोडत नाही. मॅकवर ती मुळातच नाही, तिथे दोन्ही प्रकार निरुपयोगी.

अर्ली बाइंडिंगची खरी कमाई कोड लिहिताना आहे. टिंब दिलं की पुढची यादी उघडते, चुकीचं नाव लिहिलं तर कंपाइललाच कळतं. लेट बाइंडिंगमध्ये ‘सब्जेक्ट’चं एक अक्षर चुकलं तर ते मॅक्रो त्या ओळीवर पोचल्यावर ४३८ बनून समोर येतं. त्यामुळे लिहिताना अर्ली आणि फाइल वाटताना लेट, हीच पद्धत मला पटते. त्यासाठी कंडिशनल कंपायलेशनची, म्हणजे अटीप्रमाणे कोडचा एकच भाग कंपाइल करण्याची, सोय आहे:

#कॉन्स्ट अर्ली = ०
#इफ अर्ली देन
डिम मेलॲप ॲज आउटलुक.ॲप्लिकेशन
#एल्स
डिम मेलॲप ॲज ऑब्जेक्ट
#एंड इफ

काम करताना १ आणि रेफरन्स लावलेला, वाटताना ० आणि रेफरन्स काढलेला. हा ‘#कॉन्स्ट’ त्या एका मॉड्यूलपुरताच चालतो. अनेक मॉड्यूल असतील तर तीच खूण प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधल्या कंडिशनल कंपायलेशनच्या चौकटीत लिहा. वस्तू मात्र दोन्ही वेळा ‘क्रिएटऑब्जेक्ट’नेच बनवा, ती ओळ दोन्हीकडे चालते.

ॲक्सेसच्या किंवा सर्व्हरच्या डेटाबेसमधून आकडे आणणाऱ्यांसाठी एक जुनी हकीकत. २०११ मध्ये विंडोज ७ चा पहिला सर्व्हिस पॅक आला आणि त्यात एडीओ या डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या काही अंतर्गत ओळखी बदलल्या. त्या कॉम्प्युटरवर कंपाइल केलेले अर्ली बाइंडिंगचे मॅक्रो जुन्या विंडोजवर ४३० देऊन पडू लागले, आवृत्ती तीच दिसत असूनही. ‘क्रिएटऑब्जेक्ट("एडीओडीबी.कनेक्शन")’ आणि ‘ॲज ऑब्जेक्ट’ लिहिणारे तेव्हा वाचले.

उलटं उदाहरणही आहे. मजकुरातले नमुने शोधायला लोक ‘क्रिएटऑब्जेक्ट("व्हीबीस्क्रिप्ट.रेगएक्स्प")’ वापरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने विंडोजमधून काढायचं जाहीर केलं. ते गेलं की ही ओळ ४२९ देईल आणि लेट बाइंडिंग तिला वाचवू शकणार नाही. ऑफिसच्या २५०८ या आवृत्तीपासून ‘रेगएक्स्प’ थेट व्हीबीएच्या स्वतःच्या लायब्ररीत आलं आहे, तिथे रेफरन्स न लावता ‘न्यू रेगएक्स्प’ चालतं. जुनं ऑफिस असलेल्यांना फाइल द्यायची असेल तर आज तरी जुनी ओळच ठेवावी लागेल आणि ती कुठे कुठे आहे याची नोंद करून ठेवावी लागेल.

मराठीत बिलं काढणाऱ्यांना शेवटी एक गोष्ट भेटतेच, आणि तिचा बाइंडिंगशी काही संबंध नसताना दोष मात्र त्यालाच जातो. मेलचा विषय कोडमध्ये अवतरणांत मराठीत लिहिला की तो प्रश्नचिन्हांची माळ होतो. व्हीबीएचा एडिटर युनिकोड जाणत नाही आणि देवनागरीला विंडोजचं जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता) नाही, त्यामुळे विंडोजची भाषा मराठी करूनही तिथे उपयोग होत नाही. मराठी मजकूर शीटवरच्या एखाद्या सेलमध्ये लिहून मॅक्रोला तिथून उचलू द्या. आउटलुक आणि वर्डपर्यंत तो धड पोचतो. एमएसजीबॉक्सच्या, म्हणजे मॅक्रो सूचना दाखवतो त्या छोट्या खिडकीत मात्र सेलमधून आणलेली मराठीही दिसणार नाही. “या कॉम्प्युटरवर आउटलुक नाही” ही सूचनासुद्धा इंग्रजीत द्या, किंवा युजरफॉर्मच्या (एडिटरमध्ये आपण बनवलेल्या खिडकीच्या) लेबलवर सेलमधून आणून दाखवा.